इंजिनाकडं कुठून बघायचं

इंजिन कुठल्या बाजूला फिरतं, असं मला कुणी विचारलं की अजूनही माझं डोकं सटकतं. विचारणाऱ्याचा काही दोष नसतो. बिचारा पंपाचा पट्टा बसवायचा म्हणून विचारतो. पण मी त्याच्यावर खेकसतो, "आधी तू उभा कुठं राहिलायस ते सांग," आणि तो खुळ्यासारखा माझ्याकडं बघत राहतो. बायको म्हणते, तुमचं दुकान तुमच्या तोंडामुळं बसलं. बसलं तर बसलं.

भोरला एस.टी. स्टँडच्या मागं माझी ऑइल इंजिन दुरुस्तीची पत्र्याची शेड होती. सत्तर सालानंतरची ती वर्षं. विहिरीवर इंजिन बसवायची तेव्हा लाट आली होती, आणि बसवलेलं प्रत्येक इंजिन कधी ना कधी माझ्याकडं यायचंच. इंजिनाला आमच्याकडं तोंड असतं. हँडल जिथं लावतात ती तोंडाची बाजू. तिथं उभं राहायचं, हँडल मारायचं, आणि तिथूनच बघायचं. घड्याळाच्या काट्यासारखं फिरलं तर उजवं, उलटं फिरलं तर डावं. जीपला तेच, ट्रकला तेच, विहिरीवरच्या इंजिनाला तेच. दुसरीकडून बघायचं कारणच काय? माणसाशी बोलताना आपण त्याच्या पाठीशी उभं राहतो का?

हे सगळं सांगतोय ते माझ्या दाजींसाठी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. आक्काचं सासर भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडं, राजगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत. अलीकडच्या काठानं पासलीकडं जाणारी एस.टी. दिसायची, तिचा धुरळा दिसायचा, हॉर्नसुद्धा ऐकू यायचा, पण मधे पाणी. पलीकडून भोरला यायचं तर होडी. नाहीतर पाठीमागची खिंड चढून गडाला वळसा घालत पालीला उतरायचं, तिथून वेल्हे. धडधाकट माणसाचा अर्धा दिवस त्यात जातो.

दाजींना टीबी झाला. भोरच्या दवाखान्यात एकाआड एक दिवस सुई घ्यायला सांगितलं, आणि कंपाउंडरनं आक्काला बजावलं की खंड पडला तर घेतलेल्या सगळ्या सुया वाया जातील. आता होडीचं बघा. दाजी होडीत बसले की बाकीची माणसं उतरायची. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही. एकाला आठवायचं की शेळी सोडायची राहिली, दुसऱ्याला आठवायचं की आज बाजारच नाही. होडीवाला म्हणायचा, एका माणसासाठी पाणी कोण कापत बसणार? ज्या माणसानं वाडीतल्या निम्म्या लोकांची भातं कापून दिली, त्याला हे लोक काठावर उभं ठेवून निघून जायचे. मी एकदा होडीवाल्याची गचांडी धरली. त्यानं काही झालं नाही. उलट मी नसताना त्यानं दाजींकडं बघायचंही सोडलं.

माझ्याकडं आणून ठेवायचं म्हटलं तर माझ्या घरमालकानं दारातच सांगितलं, "तुमच्या दाजींना लवकर बरं वाटो, पण आमच्या माडीवर नको. खाली लेकरंबाळं आहेत." शेडमध्ये ठेवलं असतं, तर शेडची जागाही त्याचीच. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात खाट नव्हती. मग दाजी खिंड चढायचे. धाप लागली की बसायचे, परत चढायचे. वेल्ह्याच्या दवाखान्यात पोचल्यावर औषध असलं तर असलं. एक सुई घ्यायची आणि तिच्यात आलेली ताकद परतीच्या चढावर घालवायची, असं चाललं होतं.

पाऊस ओसरता ओसरता एक साहेब माझ्या शेडपुढं गाडी थांबवून उतरले. पुण्यात त्यांचा कारखाना होता आणि धरणाच्या अलीकडच्या काठावर एक बंगली. बंगलीशेजारच्या छपरात त्यांची एक जुनी नाव कैक वर्षं पडून होती. कुणी गोरा माणूस देश सोडून जाताना मागं ठेवून गेला होता म्हणे. "इंजिन जाम आहे, मिस्त्री. बघता का?" साहेब म्हणाले. बोलायला माणूस गोड. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मी सायकलीवरून बघायला गेलो. लांबट, बसकी, लाकडी नाव. पुढं टोक, मागं सपाट. मधोमध लाकडी पेटी, तिच्यात इंजिन, आणि पेटीच्या मागं लाल रेक्झिनची ऐसपैस सीट. नाव कशासाठी वापरायची असं विचारल्यावर साहेब म्हणाले, माणसाच्या पायाला दोन लाकडी फळ्या बांधायच्या, त्याच्या हातात दोरी द्यायची, आणि त्याला पाण्यावरून उभ्यानं ओढत न्यायचं. मला वाटलं, चेष्टा करतायत. ते चेष्टा करत नव्हते. समोरच्या काठावर एक माणूस खोकत बसलाय, त्याला बसून पलीकडं यायला चार फळ्यांची होडी मिळत नाही, आणि इथं धडधाकट माणसाला उभ्यानं फिरवून आणायला इंजिन! माझी कानशिलं तापली. पण तापलेल्या डोक्यातच मला सुचलं.

मी म्हणालो, "साहेब, मजुरी नको. नाव चालू झाली की एकाआड एक दिवस सकाळी माझ्या दाजींना पलीकडून आणायचं आणि दुपारी सोडायचं. चालवीन मी." दाजी आजारी आहेत, सुईला जातात, हेही सांगितलं. आजाराचं नाव त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

"अहो, त्यात काय एवढं," साहेब म्हणाले. "बोट आठवडाभर पडूनच असते. घेऊन जात जा."

मग मी त्या इंजिनाच्या मागं लागलो. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटले होते. वरून रॉकेल ओतायचं, भिजू द्यायचं, लाकडाचा ठोकळा धरून हलकं ठोकायचं, परत रॉकेल. व्हॉल्व्ह घासले, कार्बोरेटरातली कुंभारमाशीची घरं काढली, पाण्याच्या पंपाचं रबर नव्यानं घातलं. स्टार्टर तर पार कुजला होता. पण पुढच्या टोकाला हँडलची सोय होती, म्हटल्यावर मला स्टार्टरची काय गरज? आक्का निरोप पाठवायची, "नाव कुठवर आली?" मी निरोप पाठवायचो, "आली." दिवाळीपर्यंत तिला हेच सांगत होतो.

एक गोष्ट मात्र नव्यानंच करून घ्यावी लागणार होती. पंखा. नावेच्या बुडाखाली, शाफ्टच्या टोकाला जो पितळी पंखा फिरतो आणि नाव ढकलतो, तो कधीच निखळून धरणाच्या तळाशी गेला होता. पंखा दोन जातीचा असतो, उजव्या पिळाचा आणि डाव्या पिळाचा. स्क्रूसारखंच ते. पीळ चुकला की आत जायचा तो बाहेर येतो. तेव्हा इंजिन कुठल्या बाजूला फिरतं हे आधी नक्की करायला हवं, आणि इंजिनावरची माहितीची पट्टी तर गंजून वाचण्यापलीकडं गेली होती.

मी घाई केली नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. हँडल ज्या तोंडात अडकतं त्याचे दाते मी खरवडून साफ केले. ते तिरपे असतात, एकाच बाजूला पकडतात, दुसरीकडं फिरवलं तर घसरतात. दाते सांगत होते, उजवं. पाण्याच्या पंपात फिरणारं जुनं रबरी चक्र काढलं होतं, त्याची पाती एका बाजूला वाकलेली होती. त्यांचीही साक्ष तीच. शेवटी हँडल मारून इंजिन चालू केलं, निळा धूर काढत ते खणखणीत चालू झालं, आणि पुढची पुली माझ्या डोळ्यांदेखत घड्याळाच्या काट्यासारखी फिरत होती. मी खडूनं तिच्यावर बाण काढला. साहेब मागं लाल सीटवर वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"काय मिस्त्री, उजवा की डावा?" त्यांनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"उजवा," मी म्हणालो.

त्यांनी पुण्यातल्या ओतकाम करणाऱ्याला उजवा पंखा सांगितला. मी कुठं उभा आहे हे त्यांनी विचारलं नाही. ते कुठं बसलेत याचा मी विचार केला नाही. ओतकामवाल्यानं मागितला तसा पंखा ओतला, अगदी देखणा, आणि मी तो चावी घालून, नट आवळून, वर पिन मारून बसवला.

नाव पाण्यात घालायच्या दिवशी साहेबांनी पुण्याहून चार पाहुणे आणले होते. मी दोन बैलजोड्या लावून, खाली ओंडके घालत ती काठापर्यंत ओढून नेली. नारळ फोडला. नाव लांब खोल पाण्यात ढकलली, तोंड समोरच्या काठाकडं केलं. तिथं आक्का आणि दाजी येऊन बसलेले मला दिसत होते; आक्काचं हिरवं लुगडं ओळखू येत होतं. मी हँडल मारलं, इंजिन चालू झालं, लिव्हर पुढं टाकला. आणि नाव मागं निघाली. सुरुवातीला मला वाटलं वारा आहे. मी आणखी पेट्रोल दिलं, तशी ती आणखी जोरात मागं आली आणि पाहुण्यांच्या समोर चिखलात बूड रुतवून बसली.

हसू नये तर काय करावं? पाहुणे हसले. बंगलीचा राखणदार हसला, ज्याची खाट मीच ठोकून दिली होती. साहेब हसले नाहीत, ते समजावायला लागले, आणि ते मला जास्त झोंबलं. "मिस्त्री, बोटीत मागून बघतात. मागं उभं राहायचं, तोंड पुढं करायचं, आणि मग बघायचं. तुम्ही पुढून पाहिलंत. मागून बघितलं की हेच इंजिन डावं."

आणि त्यांचं बरोबर होतं. हीच तर चीड. मी मागं सीटवर जाऊन उभा राहिलो, इंजिनावरून वाकून बघितलं, तर तीच पुली, तोच माझा खडूचा बाण, आणि उलटा फिरत होता. इंजिनानं काही खोटं सांगितलं नव्हतं. दात्यांनी नाही, रबरानं नाही. मी म्हणालो, "मग तवाच का न्हाई सांगितलंत?" साहेब म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असणार." सगळ्या भोर तालुक्यात एकही इंजिन असं नाही की ज्याच्याकडं मागून बघतात, आणि मला ते ठाऊक असणार! मी रागाच्या भरात पाना फेकला तो पाण्यात गेला. नंतर कमरेइतक्या पाण्यात उतरून तो मलाच शोधावा लागला.

एक पाहुणा म्हणाला, "मग रिव्हर्स टाकूनच चालवा की. पुढंच जाईल." बोलणं सोपं. त्या जुन्या गिअरात पुढं जाताना सगळं थेट जोडलेलं असतं, कशावर ताण नाही. रिव्हर्सला मात्र एक पट्टा ढोलावर आवळतो आणि त्या आवळण्यावर सगळं चालतं. धक्क्यापासून नाव जरा मागं घ्यायची, एवढ्यापुरताच तो. वेगानं चालवलं, मागं माणूस ओढला, तर पट्टा जळून जाईल. साहेबांना हे पटलं. ते म्हणाले, डावा पंखा ओतून घेऊ, लागेल तो वेळ लागू दे, आणि तोवर बोट तुमच्याच ताब्यात असू दे. पाहुणे घेऊन ते पुण्याला गेले.

दुसऱ्याच दिवशी मी रिव्हर्स टाकून पलीकडं गेलो. सावकाश, इंजिन जेमतेम जागं ठेवून. रिव्हर्सचा लिव्हर नुसता टाकून भागत नव्हतं, सगळा वेळ हातानं मागं ओढून धरावा लागायचा, सोडला की नाव थांबली. दाजी पहिल्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "आरं, दोरीनं बांध की त्यो दांडा. खांदा निखळंल तुजा." पण पट्टा तापायला लागला की हाताला कळतं, दोरीला कळत नाही. मधल्या पाण्यात मी इंजिन बंद करायचो, पट्टा निवू द्यायचो. तेवढा वेळ नाव नुसती डुलत राहायची आणि दाजी लाल सीटवर घोंगडी पांघरून बसलेले असायचे.

"ही नाव पाठीमागं जायाचा गिअर टाकून म्होरं जाती व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय. चुकून झालंय तसं."

"ऱ्हाऊ दे की मग. जाती ती जाती."

मी त्यांना पंख्याचं सगळं रामायण सांगितलं, साहेबांना दोन-चार शिव्या घातल्या. दाजी ऐकून घेत होते. मग म्हणाले, "तू लई तापतोस. नांगरामागं चालणाऱ्याला बैलाचं शेपूटच दिसायचं. कासरा धरून म्होरं चालणाऱ्याला तोंड दिसतंय. बैल त्योच की." मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. पण त्यांना बोलताना धाप लागत नव्हती हे माझ्या ध्यानात आलं.

असे आम्ही कितीतरी फेऱ्या केल्या. आक्का एक पत्र्याचा झाकणाचा डबा राखेनं भरून सीटखाली ठेवायची, दाजींना थुंकायला. दर फेरीच्या सकाळी आधीचा डबा घरी नेऊन उकळत्या पाण्यानं धुवायची आणि त्याच्या जागी धुतलेला दुसरा ठेवायची. काठावरून एस.टी.नं भोर, सुई, भजी नको म्हणून दूध, परत एस.टी., परत नाव. दाजींची भाकरी वाढली. एकदा त्यांनी आपण होऊन कालवण मागितलं म्हणून आक्का माझ्यापाशी रडली. कंपाउंडर म्हणाला, असंच चालू ठेवा, खंड तेवढा पडू देऊ नका. होडीवाला आम्हाला बघून तोंड फिरवायचा आणि मी मुद्दाम त्याच्या होडीच्या जवळून नाव न्यायचो.

पण मला तो पंखा सहन होत नव्हता. रोज लिव्हर ओढताना वाटायचं, माझ्या हातून उलटं बसलंय. भोरमध्ये गोष्ट पसरली होती. इंजिन घेऊन येणारा शेतकरीसुद्धा विचारायचा, "मिस्त्री, ह्ये म्होरंच जाईल न्हवं?" शेवटी मीच पुण्याला जाऊन त्या ओतकामवाल्याच्या डोक्यावर बसलो आणि डावा पंखा पोत्यात गुंडाळून एस.टी.नं घेऊन आलो. साहेबांना काही घाई नव्हती. बायको म्हणाली, "आत्ता नीट चाललंय की, कशाला धावपळ?" मी तिच्यावर ओरडलो, की नीट चाललंय म्हणजे काय हे मला शिकवू नकोस.

डावा पंखा बसवला आणि नाव अशी सुटली की मी एकटाच पाण्यावर ओरडलो. लिव्हर पुढं टाकला की झालं, हात मोकळा. चुकीचा पंखा होता तोवर ती नाव आमची होती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी स्वतः साहेबांना फोन करायला पोस्टात गेलो. म्हणालो, साहेब, नाव पुढं जातेय.

दाजी पुढच्या होळीच्या आत गेले. ते आत्ताच सांगून टाकतो, कारण माझा राग त्यांच्या मरणावर नाही. मरण सगळ्यांनाच येतं. माझा राग त्या एका सकाळीवर आहे.

नाताळची सुट्टी होती. त्यामुळं साहेब रविवारऐवजी मधल्याच वारी आले, बरोबर बाईसाहेब, दोन मुलं आणि एक तरणाबांड पाहुणा. तो दाजींच्या सुईचा दिवस होता. मी म्हटलं, साहेबांची एक चक्कर होऊ दे, मग जाऊ. बाईसाहेब सीटवर बसायला गेल्या आणि त्यांच्या पायाला डबा लागला. त्यांनी झाकण उघडलं. मला विचारलं, कुणाचं हे, काय आजार आहे? मी सांगितलं. खोटं कशाला सांगू? त्यांनी मुलांना नावेतून खाली उतरवलं आणि डबा, राख, सगळं राखणदाराकरवी पाण्यात फेकायला लावलं.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. आवाज तसाच गोड. "मिस्त्री, मी शब्द मोडत नाही. पण लहान मुलं बसतात हो त्या सीटवर. आमच्या डॉक्टरांना विचारून घेतो. तोवर जरा थांबू या."

"साहेब, तोवर म्हंजे कवर? त्यांची सुई आज हाय."

"तुमची मजुरी मी देतो ना पूर्ण," साहेब म्हणाले. मी मजुरी मागितली होती का? मी म्हणालो, हवं तर सीट धुऊन देतो, रोज धुऊन देतो, दाजींना खाली फळीवर बसवतो. हे म्हणताना माझीच मला लाज वाटली. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघू." राखणदारानं सीट फिनेलनं धुतली, वर चादर अंथरली, आणि मग मुलं आणि बाईसाहेब परत बसल्या. चालवायला मात्र मीच हवा होतो. पाहुण्याच्या पायाला फळ्या बांधल्या, त्याच्या हातात दोरी दिली. साहेब त्याच्याकडं नजर ठेवायला माझ्याशेजारी मागं तोंड करून बसले. "चालवा," ते म्हणाले, आणि मी चालवली.

इंजिन सुंदर चाललं होतं. पाहुणा मागं उभा राहिला, घसरत आला, मुलं टाळ्या पिटायला लागली. पलीकडच्या काठाजवळून वळण घेताना मला दोघं दिसली. दाजी नेहमीच्या खडकावर उभे होते, घोंगडी खांद्यावर घेऊन, आणि आक्का बाजूला. नाव येताना बघून दाजींनी हात वर केला. पाहुण्याला वाटलं, गावकरी आपल्याला बघून हात करतोय. त्यानं दोरी एका हातात घेऊन दाजींना हात हलवला.

मी पेट्रोल तोडलं. दोरी सैल पडली, पाहुणा पाण्यात बसला. साहेब, "अहो, काय करताय," म्हणेपर्यंत मी नाव काठाला लावलीसुद्धा. "दाजी, बसा," मी म्हणालो. बाईसाहेबांनी दोन्ही मुलांना मांडीवर ओढलं आणि पदर नाकाला लावला. वाईट बोलल्या नाहीत त्या.

दाजींनी त्यांच्याकडं पाहिलं, चादरीकडं पाहिलं, सीटखाली जिथं डबा असायचा तिकडं पाहिलं. मग ते हसले. "न्हाई रं. आज लई बरं वाटतंय मला. सुई नगं आज. तेच सांगाया आलो व्हतो तुला." साहेबांना त्यांनी रामराम घातला. "तुमी जावा साहेब. पावणं पाण्यात हायेत तुमचं."

"दाजी, बसा म्हणतो न्हवं," मी म्हणालो. मी त्यांच्यावर ओरडलो, हो. आक्का माझ्याकडं बघत होती, आणि तिचा हात घोंगडीच्या टोकाला घट्ट धरलेला होता. दाजींनी पायानं नावेचं टोक लोटलं. ताकद अशी नव्हतीच, पण काठाला उतार होता, नाव सुटली.

"किती समजूतदार माणूस आहे," साहेब म्हणाले. आज इतकी वर्षं झाली, समजूतदार हा शब्द कुणी चांगल्या अर्थानं वापरला की मी तिथून उठून जातो.

आम्ही पाहुण्याला घ्यायला वळलो. तो पाण्यात तरंगत होता, मजेत. "काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले, "इंजिन जरा अडखळलं."

"इंजिन अडखळलं न्हाई," मी म्हणालो. "म्या थांबवलं." जगातल्या सगळ्या शिव्या तोंडात असताना माझ्या तोंडून एवढंच बाहेर पडलं. साहेब पाहुण्याला हात देऊन वर घेत होते, त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मी मागं काठाकडं पाहिलं. आक्काच्या घराची वाट पाण्याच्या कडेनं वाडीकडं जाते. त्या वाटेवर कुणी नव्हतं. दोघं खिंडीच्या चढाला लागली होती, आक्का पुढं, दाजी मागं, पालीच्या, वेल्ह्याच्या दिशेनं.